वाहिन्यांची मोजदाद आणि गाठींचे स्वभाव

नोव्हेंबर 1971मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे मुख्य शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं होतं. कर्करोगाच्या कुठल्याही घन गाठीला दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. शेजारच्या निरोगी वाहिन्यांकडे रासायनिक निरोप धाडून गाठ त्यांना फांद्या फुटायला लावते. हा निरोप वाटेतच अडवला, तर गाठ आहे तेवढीच राहील. या विचारातून पुढे औषध निघालं, आणि 2011पर्यंत अंडाशयाच्या कर्करोगाच्या तीन हजारांहून अधिक स्त्रिया दोन मोठ्या चाचण्यांत सामील झालेल्या होत्या. गाठीची वाढ त्या औषधाने सरासरी काही महिने लांबली, आयुष्य मात्र सरासरीने जवळजवळ वाढलं नाही. या चाळीस वर्षांचा हिशेब मांडताना कोणी म्हणतं सिद्धान्तच फुगवलेला होता, कोणी म्हणतं औषध कमी पडलं. माझ्या मते चूक तिसऱ्याच ठिकाणी झाली. गाठीला रक्तवाहिन्या लागतात हे खरं ठरलं. पण सगळ्या गाठींना त्या एकाच कारणासाठी आणि एकाच निरोपाने मिळतात, हे गृहीत धरलं गेलं होतं. अंडाशयाच्या गाठींनी या गृहीतकाची जितकी कसून परीक्षा घेतली, तितकी क्वचितच दुसऱ्या अवयवाने घेतली असेल.

फोकमन यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकी नौदलात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात ते आणि फ्रेडरिक बेकर लांबच्या सफरींवर टिकेल असा रक्ताचा पर्याय शोधत होते. शरीराबाहेर काढलेल्या थायरॉइड ग्रंथीत हिमोग्लोबिनचं द्रावण खेळवून ती किती काळ जिवंत राहते, हे ते पाहत. त्या ग्रंथींत त्यांनी उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर येऊन थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरांत लावल्या तेव्हा झपाट्याने फोफावल्या. पेशी मेलेल्या नव्हत्या, वाढ तेवढी अडलेली होती, आणि काचेच्या भांड्यातल्या ग्रंथीत नव्या वाहिन्या उगवल्या नव्हत्या. पुढे 1972मध्ये बॉस्टनच्या प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्यात हाच खेळ उघड दिसला. बुबुळाच्या पडद्यापासून दूर, डोळ्यातल्या पाण्यात तरंगणारी गाठ जिवंत पण खुजी राहिली. तीच गाठ पडद्याला टेकवल्यावर तिच्याकडे वाहिन्या धावल्या आणि दोन आठवड्यांत तिचं आकारमान हजारो पटींनी वाढलं.

गाठीभोवती वाहिन्यांची गर्दी असते, हे निरीक्षण फोकमन यांच्या आधीचं आहे. 1939मध्ये सशाच्या कानात पारदर्शक खिडकी बसवून गाठीकडे सरकणाऱ्या वाहिन्या संशोधकांनी पाहिल्या होत्या, 1945मध्ये आल्जायर आणि चॉकली यांनी उंदरांत त्यांची वाढ मोजली होती. फोकमन यांनी भर घातली ती या गर्दीला कारण ठरवण्याची आणि त्या कारणावर उपचार सुचवण्याची. त्या काळी बहुतेकांना या वाहिन्या म्हणजे सूज किंवा मरणाऱ्या पेशींची प्रतिक्रिया वाटत असे, त्यामुळे त्यांना अनेक वर्षं थट्टाही सोसावी लागली. मात्र थट्टा करणारे आणि पाठराखण करणारे, दोघांनीही 'गाठ' हा शब्द एकवचनीच ठेवला होता. उंदराचा त्वचेचा कर्करोग, सशाच्या डोळ्यातली गाठ आणि माणसाच्या पोटातली गाठ या नियमापुढे सारख्याच मानल्या गेल्या. अशा एका नियमात मोठी ताकद होती. पेशींच्या शेकडो प्रकारांशी झगडण्यापेक्षा सगळ्या प्रकारांना समान असलेली एकच रसद तोडायची, हे सोपंही होतं आणि आकर्षकही.

अंडाशयापाशी हा सोपेपणा दोन कारणांनी अडतो. पहिलं कारण निरोगी अंडाशयाचंच आहे. प्रौढ शरीरात नव्या रक्तवाहिन्या सहसा उगवत नाहीत. असलेल्या वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी वर्षानुवर्षं निवांत असतात. जखम भरताना, गर्भाशयाच्या अस्तरात आणि अंडाशयात मात्र हे चित्र बदलतं. अंडाशयात तर ते दर महिन्याला बदलतं. स्त्रीबीज बाहेर पडलं की रिकाम्या पुटकाच्या भिंतीत काही दिवसांत केशवाहिन्यांचं दाट जाळं शिरतं आणि पीतपिंड तयार होतो. वजनाच्या मानाने त्याच्याइतका रक्तप्रवाह शरीरात फार थोड्या ऊतींना मिळतो. गर्भ राहिला नाही, तर ते सगळं जाळं विरून जातं. पीतपिंडातून वाहिन्या वाढवणारा पदार्थ सुटतो हे गॉस्पोदारोविच आणि ठकराल यांनी 1978मध्येच दाखवलं होतं. म्हणजे इतर अवयवांत गाठीची खूण ठरणारी घटना इथे आरोग्याची खूण आहे, आणि वाहिन्या बोलावण्याची कला गाठीला नव्याने शिकावी लागत नाही.

दुसरं कारण गाठींच्या नावांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अंडाशयाच्या गाठींचं पहिलं वर्गीकरण 1973मध्ये, फोकमन यांच्या लेखानंतर दोनच वर्षांनी, प्रसिद्ध केलं. त्यामागे बॉस्टनच्याच मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट रॉबर्ट स्कली यांची मेहनत होती. पृष्ठभागाच्या गाठी, बीजपेशींच्या गाठी, हार्मोन बनवणाऱ्या ऊतींच्या गाठी अशी कुळं त्यात वेगळी केलेली होती, आणि पहिल्या कुळात पुन्हा सिरस, म्युसिनस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल असे प्रकार. पुढच्या संशोधनाने हे अंतर आणखी वाढवलं. तीव्र सिरस कर्करोग बहुधा मुळात अंडनलिकेच्या टोकाला सुरू होतो आणि त्यात पी53 हे जनुक जवळजवळ नेहमी बिघडलेलं असतं. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड गाठींचा संबंध एंडोमेट्रिओसिसशी आहे. म्युसिनस गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा आतड्याच्या अस्तरासारखी दिसते. ग्रॅन्युलोसा सेल गाठीत फॉक्सएल2 या जनुकातला एकच ठरावीक बदल असतो, हे 2009मध्ये कळलं. अंडाशयात सापडणं हा यांच्यातला समान धागा. बाकी बाबतीत ही वेगवेगळी दुखणी आहेत. एका शहरात हे वर्गीकरण होत असताना त्याच शहरात दुसरीकडे गाठ एकवचनी राहिली, ही त्या काळाची उपरोधिक बाजू.

वाहिन्यांना बोलावणारा निरोप शेवटी सापडला, तोही आडवाटेने. बॉस्टनच्याच बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड ड्व्होरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांना वाहिन्या कशा उगवतात यापेक्षा त्या कशा पाझरतात यात रस होता. कर्करोगात पोटात पाणी का होतं, हा त्यांचा प्रश्न. प्रयोग असा होता: गिनीपिगच्या शिरेत निळा रंग टोचायचा. रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही. मग गाठीच्या पेशींनी सोडलेला द्रव त्वचेत थोडासा टोचायचा. काही मिनिटांत त्या जागी निळा डाग उमटे, म्हणजे तिथल्या वाहिन्या गळू लागलेल्या असत. 1983मध्ये त्यांनी हे 'सायन्स'मध्ये मांडलं आणि त्या पदार्थाला पारगम्यता वाढवणारा घटक म्हटलं. 1989मध्ये जेनेन्टेक कंपनीतले इटालियन संशोधक नेपोलिऑन फेरारा यांनी गाईबैलांच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशींपासून वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं, व्हीईजीएफ. दोन्ही रेणूंचा जनुकीय क्रम त्याच वर्षी 'सायन्स'च्या एकाच अंकात छापला गेला, तेव्हा कळलं की ते एकच आहेत. वाहिनी उगवणं आणि वाहिनी पाझरणं ही एकाच रेणूची दोन कामं होती.

पुढच्या दशकात पहिल्या कामाला सगळा प्रकाश मिळाला आणि दुसरं तळटीपेत गेलं. अंडाशयापुरतं पाहिलं तर उलट व्हायला हवं होतं. तीव्र सिरस कर्करोगात अनेक रुग्ण डॉक्टरकडे जातात ते पोट फुगलं म्हणून, आणि त्या पाण्यात व्हीईजीएफ मुबलक आढळतं. पाणी होण्यासाठी गाठ घातकच हवी असंही नाही. जो मेग्ज यांनी 1937मध्ये वर्णन केलेल्या रुग्णांत अंडाशयाची साधी, न पसरणारी फायब्रोमा होती, आणि तरी पोटात व छातीत पाणी भरलेलं होतं. गाठ काढली की पाणी ओसरे. पाझर आणि घातकपणा एकत्र चालतातच असं नाही, याचा हा जुना पुरावा हाताशी होता.

1991मध्ये नोएल वाइडनर आणि फोकमन यांनी गाठीतल्या वाहिन्या मोजण्याची पद्धत दिली. स्लाइडवर वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी तपकिरी रंगवायच्या. कमी भिंगातून सगळी स्लाइड न्याहाळून वाहिन्या सर्वांत दाट असलेली जागा निवडायची. मग मोठ्या भिंगातून त्या एका वर्तुळातली एकेक वाहिनी मोजायची. स्तनाच्या कर्करोगाच्या 49 रुग्णांत हा आकडा जितका मोठा, तितका कर्करोग पसरण्याचा संभव जास्त, असं त्यांना आढळलं. जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांनी आपापल्या कपाटातल्या जुन्या गाठी काढून मोजायला घेतल्या, अंडाशयाच्याही. इथे आकडे गोंधळले. काही अभ्यासांत वाहिन्या जास्त तर आयुष्य कमी असं निघालं, काहींत असा काही संबंध दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने 1998मध्ये प्रकारवार तुलना केली, तेव्हा म्युसिनस गाठींत वाहिन्यांची घनता घातक सिरस आणि साध्या गाठींपेक्षा जास्त निघाली. बहुतेक मृत्यू ज्या प्रकाराने होतात तो सिरस. वाहिन्यांची संख्या हीच गाठीच्या भुकेची आणि घातकपणाची खूण असती, तर क्रम उलटा लागायला हवा होता.

सोनोग्राफीतही हाच अनुभव आला. 1989मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कलर डॉपलरने अंडाशयातला रक्तप्रवाह पाहून कर्करोग लवकर ओळखता येईल असं सुचवलं. गाठीच्या नव्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर नीट नसतो, म्हणून त्यांत प्रवाहाला विरोध कमी, हा त्यामागचा तर्क. तर्क बरोबर, पण पीतपिंडाच्या वाहिन्याही तशाच असतात. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या निरोगी अंडाशयात महिन्याच्या उत्तरार्धात तोच रंग आणि तोच कमी विरोध दिसू शकतो. म्हणून पुढे युरोपातल्या आयओटीए गटाने 2008मध्ये जे सोपे नियम घालून दिले, त्यांत रक्तप्रवाह ही दहा लक्षणांपैकी दोनच लक्षणांत आली: अजिबात नसला तर साधेपणाकडे कल, फार असला तर घातकपणाकडे. मधलं सगळं गाठीच्या आकारावर, भिंतीवर आणि पाण्यावर सोपवलं गेलं. साक्षीदार म्हणून वाहिन्यांना ठेवलं, न्यायाधीशपद काढून घेतलं.

औषधाच्या बाबतीत ही सावधगिरी आली नाही. 1993मध्ये फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफला पकडणारं प्रतिपिंड उंदरांतल्या गाठी रोखतं असं दाखवलं. मे 1998मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फोकमन यांच्या, वाहिन्या रोखणाऱ्या दुसऱ्या रेणूंवर पहिल्या पानावर बातमी दिली आणि ते बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर एका दिवसात कित्येक पट उसळला. फेब्रुवारी 2004मध्ये व्हीईजीएफला पकडणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंड-औषधाला मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशयात सुरुवात तर फारच आशादायक झाली. 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमो दिलेली असूनही रोग परतलेल्या 62 स्त्रियांना हे औषध एकटंच दिलं, तेव्हा 21 टक्क्यांच्या गाठी आकसल्या. आतड्याच्या कर्करोगात ते एकटं दिल्यावर असा परिणाम दिसत नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र 44 पैकी 5 जणींच्या आतड्याला छिद्र पडलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. निरोगी ऊतींनाही व्हीईजीएफ लागतं, हे त्यातून महागात कळलं.

2011मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. जीओजी-218मध्ये 1873 स्त्रिया होत्या. केमोबरोबर आणि नंतरही औषध चालू ठेवलेल्यांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यकाल 10.3 महिन्यांवरून 14.1 महिन्यांवर गेला. आयकॉन-7मध्ये 1528 स्त्रिया. तिथला फायदा आणखी किरकोळ, आणि अखेरच्या हिशेबात सरासरी आयुष्य 44.6 विरुद्ध 45.5 महिने. दोन्हीकडे औषध चालू असेतो दोन गटांच्या रेषा दूर राहिल्या आणि औषध थांबलं की जवळ आल्या. उपाशी ठेवलेली गाठ मरत नव्हती, वाट पाहत होती. दोन्ही चाचण्यांत सिरस, म्युसिनस, क्लिअर सेल सगळ्या एकाच यादीत होत्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की त्या यादीत बहुसंख्य तीव्र सिरसच होत्या, मग थोड्या वेगळ्या प्रकारांनी सरासरी कशी बिघडेल? आक्षेप रास्त आहे, आणि माझा दावा प्रकारांच्या नावापुरता असता तर त्यापुढे टिकलाही नसता. पण सिरसच्या आतही स्वभाव वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात 2008मध्ये आणि अमेरिकेच्या कर्करोग जनुककोशात 2011मध्ये जनुकांच्या हालचालीवरून सिरस कर्करोगाचे चार उपप्रकार दिसले. आयकॉन-7मधल्या साठवलेल्या नमुन्यांवर 2017मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासात, त्यांतल्या दोन उपप्रकारांना औषधाचा फायदा जास्त झाल्याचं दिसलं. गाठी न काढता आलेल्या किंवा रोग खूप पसरलेल्या स्त्रियांत आयुष्यही काही महिन्यांनी वाढलं होतं. जीओजी-218च्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा औषधाचा फायदा सुरुवातीला पोटात पाणी असलेल्या स्त्रियांकडे झुकलेला निघाला; पाणी नसलेल्यांत तो ठळक दिसला नाही. म्हणजे व्हीईजीएफचं दुसरं काम जिथे डोळ्यांना दिसत होतं, तिथेच त्याला अडवण्याचा उपयोग जास्त होता.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा आणि जास्त बोचरा: चाचणी संपल्यावर गट पाडत बसलं की कुठल्या ना कुठल्या गटात फायदा सापडतोच. म्हणून वर सांगितलेल्या निष्कर्षांना मी सिद्धी म्हणत नाही, दिशा म्हणतो. पण त्याच दिशेला स्वतंत्र, आधीच आखलेली चाचणी गेली आहे. ऑरेलिया चाचणीत नेहमीच्या प्लॅटिनम औषधांना न जुमानणारा रोग झालेल्या 361 स्त्रिया होत्या. बेव्हॅसिझुमॅबने रोग वाढेपर्यंतचा मध्यकाल 3.4वरून 6.7 महिन्यांवर नेला. सुरुवातीला पोटात पाणी असलेल्यांपैकी नुसत्या केमोवरच्या 17 टक्के स्त्रियांचं पाणी सुईने काढावं लागलं, औषधही घेणाऱ्यांत फक्त 2 टक्क्यांचं. आयुष्याच्या तक्त्यात हा आकडा ठळक दिसत नाही, पण ज्या बाईला दर आठवड्याला पोटातून पाणी काढून घ्यावं लागतं तिच्यासाठी तो लहान नाही. 1983मध्ये गिनीपिगच्या त्वचेवर जो गुण निळ्या डागाने दाखवला होता, त्याचाच हा उपचारातला पुरावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: प्रत्येक प्रकाराची वेगळी चाचणी करायला रुग्ण आणायचे कुठून? याचं सर्वांत कडू उदाहरण म्युसिनसचंच. ब्रिटन आणि अमेरिकेत खास या प्रकारासाठी आखलेल्या चाचणीत 332 स्त्रियांचं उद्दिष्ट होतं. पन्नास मिळाल्यावर ती बंद करावी लागली. वर स्लाइड पुन्हा तपासल्या तेव्हा बऱ्याच गाठी अंडाशयात जन्मलेल्या म्युसिनस नव्हत्याच. वाहिन्या ज्यात सर्वांत दाट मोजल्या गेल्या, त्या प्रकारात वाहिन्यांवरच्या औषधाचा निकाल असा लागलाच नाही. ग्रॅन्युलोसा सेल आणि तिच्या कुळातल्या गाठी रक्ताळ म्हणून प्रसिद्ध, कधीकधी पोटात फुटून रक्तस्राव करणाऱ्या. फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या एलियनॉर चाचणीत त्या कुळातल्या साठ स्त्रिया गोळा करता आल्या, आणि सहा महिन्यांनंतर रोग न वाढलेल्यांचं प्रमाण औषधासह आणि औषधाविना जवळजवळ सारखंच, सत्तरीच्या आसपास टक्के, निघालं. म्हणजे अवघड आहे, अशक्य नाही. आणि नकारार्थी उत्तरसुद्धा उत्तर आहे. भरपूर वाहिन्या असणं आणि त्या तोडल्यावर गाठीचं अडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे एलियनॉरने साठ स्त्रियांत सांगितलं. अठराशेंच्या सरासरीत ते कधीच उमटलं नसतं.

मग फोकमन यांचा सिद्धान्त खोटा ठरला का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. वाहिन्यांशिवाय गाठ खुजी राहते, हे सशाच्या डोळ्यातलं सत्य आजही कोणी खोडलेलं नाही. फक्त वाहिन्या मिळवण्याचे मार्ग व्हीईजीएफपुरते नाहीत, हे 1999नंतर एकापाठोपाठ कळत गेलं. काही गाठी नव्या वाहिन्या न उगवता आधीच्या वाहिन्यांना लगटून वाढतात. काही तीव्र अंडाशय कर्करोगांच्या पेशी स्वतःच नळ्यांसारखी रचना करून रक्त खेळवतात. आयआयटी कानपूरमधून शिकून बॉस्टनला गेलेले राकेश जैन यांनी 2001मध्ये तर असं मांडलं की अशा औषधाने गाठीच्या वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या काही काळ नीटनेटक्या होतात आणि केमो आत पोचते. उपासमारीच्या मूळ कल्पनेच्या हे अगदी उलट आहे. एकाच औषधाचा परिणाम एका गाठीत रसद तोडणं, दुसरीत पाझर थांबवणं आणि तिसरीत रस्ता दुरुस्त करणं असा वेगवेगळा असू शकतो.

2019मध्ये पाओला-1 या चाचणीत बेव्हॅसिझुमॅबबरोबर ओलापॅरिब हे दुसरं औषध दिलं, तेव्हा डीएनए दुरुस्तीत उणीव असलेल्या गाठींत रोग वाढेपर्यंतचा काळ 17.7वरून 37.2 महिन्यांवर गेला आणि उणीव नसलेल्यांत फरक जवळजवळ पडला नाही. एका औषधासाठी गाठीचा स्वभाव आधी तपासायचा, हा धडा शिकला गेला. पण त्याच चाचणीत दोन्ही बाजूंच्या प्रत्येक स्त्रीला मिळालेल्या वाहिन्यांवरच्या औषधासाठी अशी कुठलीच तपासणी नव्हती, आणि अजूनही रोजच्या उपचारात ती आलेली नाही. हा उशीर तंत्रज्ञानाच्या अभावाइतकाच 1971च्या एकवचनाचा आहे. गाठीला वाहिन्या किती हे विचारण्यात पंधरा-वीस वर्षं गेली. तिला त्या कशासाठी लागतात आणि कुठल्या निरोपाने मिळतात, हे प्रकारवार विचारायला आपण उशिरा लागलो. प्रश्न एवढा बदलला तरी जुन्या चाचण्यांच्या कपाटांत पडलेले हजारो नमुने नव्याने बोलू शकतील, आणि पुढची चाचणी कोणावर करायची हे ठरवायला त्यांचाच उपयोग होईल.